किती अक्षरं?

मासेरूला आम्हांला तीन दिवस शिकवलं.
पडद्यावर चौकोन, चौकोनात 'नागरिक',
आणि त्याच्यापासून निघून गरागरा फिरून
त्याच्याकडेच परतणारा एक हिरवा बाण.
दुपारी कोंबडी होती. शेवटी प्रमाणपत्र,
त्यावर माझं नाव बिनचूक.

मग मोखोत्लाँगची बस, अख्खा दिवस घाट,
आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत
रॉकेलच्या शेगडीवर हात शेकत बसलेल्या
म्मे मालीनेओ. नोकरी एकतीस वर्षं, निवृत्तीला सहा महिने.
त्यांनी प्रमाणपत्र उलटंसुलटं पाहिलं,
मागची कोरी बाजू बघून म्हणाल्या,
"छान. इथे लिहायला जागा आहे."

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही.
टेबलापलीकडची खुर्ची तेवढी उचलली
आणि माझ्या कोपराशी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी एक बाई, ब्लँकेटात बाळ.
मी विचारलं, जन्मतारीख?
ती जमिनीकडे बघत राहिली,
जणू तारीख आत्ताच हातून सांडली होती.
"खोत्सो, म्मे," मालीनेओ म्हणाल्या,
"बर्फ पडला होता का गं तेव्हा?"
पडला होता.
पहिला, की मेंढ्या मेल्या तो?
मेंढ्या मेल्या त्याच्या नंतरचा.
चर्चची घंटा ऐकलीस?
आदल्या दिवशी. कळा सुरू होत होत्या.
अशा दोघी एकमेकींच्या पावलांत पाऊल टाकत
बर्फातून सोमवारपर्यंत पोहोचल्या.
मी पेनाचं टोपण फिरवत होते.

रात्री वहीत लिहिलं: खुर्ची. बर्फ. घंटा.
सकाळी त्यांनी ते वाचलं आणि खोकला येईतो हसल्या.
"पुढची बाई उन्हाळ्यात बाळंत झालेली असेल, मग?"

जायच्या आठवड्यात त्यांनी कपाटातून
शिवण उसवलेली एक नोंदवही काढली.
पान शोधावं लागलं नाही.

"हे वाच. त्सेपिसो. म्हणजे वचन.
आईने सांगितलं होतं त्सेलिसो. सांत्वन.
थोरला नदीत गेला, त्यानंतरचं हे पोर.
बाहेर रांग होती, माझी दाढ ठणकत होती.
एका अक्षरात मी तिचा थोरला पुसला
आणि भलतीच कसली तरी हमी
धाकट्याच्या नावावर लिहिली.
तिला वाचता येत नव्हतं.
दाखल्याची घडी घालून छातीशी ठेवला तिने.
शाळेत हजेरी घेतली, तेव्हा कुणी उठलंच नाही."

मग दुरुस्ती?

"शपथपत्र, गावप्रमुखाचा शिक्का, मासेरूच्या चार खेपा.
पाचवीला ती आली नाही.
नवा दाखला घेऊन मीच गेले, तट्टावरून.
नाव बरोबर होतं.
ती नव्हती ऐकायला."

तेव्हा कळलं, लिहून झाल्यावर त्या
नाव मोठ्याने का वाचतात, अक्षर न् अक्षर,
आणि आईची मान हलेपर्यंत
शिक्का हवेतच का थांबतो.
मी त्याला वयाची सवय समजले होते.

माझ्याकडून असं नाही व्हायचं, मी म्हटलं.
या वेळी त्या हसल्या नाहीत.
"होईल. झालं की ये.
शेवटच्या वळणावर घर आहे, कोबीच्या वाफ्यांमागे."

दीड वर्ष लागलं.
काय झालं, कुणाचं, ते इथे लिहीत नाही,
ते त्या माणसाचं आहे.
शनिवारी चढ चढून गेले.
त्या वाकून खुरपत होत्या.
माझी सावली वाफ्यावर पडली
तसं मान वर न करता त्यांनी
एक पालथं डबडं पायाने सरकवलं,
समोर नव्हे, आपल्या कोपराशी.

"बस, लिन्तले. किती अक्षरं?"